रिठ्याच्या पाण्यातले तीन बिल्ले

"तुमचं नाव काय म्हणालात?"

"केरबा गोमारे. धानोरीचा."

"मेडल म्हणतंय, तुम्ही ग्यानोबा."

आप्पासाहेबांनी भिंग खाली ठेवलं आणि ते केरबाकडे बघत राहिले. केरबा टेबलावरच्या बिल्ल्याकडे बघत राहिला. छत्तीस वर्षं घरात असलेली वस्तू एकाएकी दुसऱ्याचं नाव सांगायला लागली, तर माणसानं बघावं तरी कुणीकडे?

लातूर जिल्हा होऊन जेमतेम महिना झाला होता. सैनिकांच्या कामासाठी घेतलेल्या त्या खोलीला अजून ओल्या रंगाचा वास येत होता. खुर्च्या दोनच होत्या, त्यातल्या एकीवर फायली बसल्या होत्या. आप्पासाहेब स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले, वागायला सरळ आणि नियमाला कडक. जुन्या जिल्ह्यातली कपाटं यायची होती म्हणून रेकॉर्ड नव्हतं, आणि नवा शिक्का यायचा होता म्हणून जुन्याच रबरी शिक्क्यातलं जिल्ह्याचं नाव ब्लेडनं खरवडून त्यांनी काम चालवलं होतं. शिक्का मारला की मधे एक पांढरा पट्टा उठायचा, त्यात ते शाईच्या पेनानं 'लातूर' लिहायचे.

"साहेब, ह्यो बिल्ला माझाच हाय," केरबा म्हणाला. "टपालानं आला होता. पुठ्ठ्याच्या डबीत. ह्यो बघा राजा, ह्यो पाठीमागं दोन तोंडांच्या जनावरावर हुबारलेला सिंह."

"राजा सगळ्यांच्याच मेडलवर तोच असतो. सिंहही तोच. लाखो मेडलं एका ठशात काढली. पण हिंदुस्थानी जवानाचं नाव नंतर कडेवर मारलं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. बघा." त्यांनी भिंग केरबाबरोबर आलेल्या पोरीकडे सरकवलं. "तुला इंग्रजी येतं ना?"

सिंधूनं बिल्ला उभा धरला. ती केरबाची धाकटी लेक, नुकतीच बारावी झालेली. तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. मास्तरकीच्या डी.एड.ला माजी सैनिकांच्या मुलांसाठी एक जागा राखीव होती, आणि सोमवारी दुपारपर्यंत बापाच्या सैनिकपणाचा दाखला दिला तर ती सिंधूला मिळत होती. नाही दिला तर यादीतल्या पुढच्या पोराला. केरबाचं डिस्चार्ज बुक होतं, पण त्याला वाळवी लागली होती. वाळवीनं नाव, नंबर आणि पलटण खाल्ली होती, फक्त उंची तेवढी ठेवली होती. पाच फूट चार इंच एवढ्या पुराव्यावर दाखला मिळत नाही, म्हणून बिल्ला आणलेला.

"आबा, खरंच ग्यानोबा लिव्हलंय," सिंधू हळूच म्हणाली. "पायोनियर ग्यानोबा एस."

"ग्यानोबा सोनकांबळे आमच्याच गावचा हाय, साहेब. एकाच कंपनीत होतो. पण मी तो न्हाई."

"मग तुमचं स्वतःचं मेडल आणा. नाहीतर त्याच कंपनीतले दोन सोबती आणा, आपापल्या नावाच्या मेडलसकट. आणि ओळख पटवायला सरपंच. शनिवारी मी एक वाजेपर्यंत आहे." आप्पासाहेबांनी बिल्ला परत दिला. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "माणसावर माझा अविश्वास नाही हो. पण कागदाला माणूस कळत नाही."

परतीच्या एसटीत केरबा बिल्ला मुठीत धरून बसला होता. आपण कोण, हा प्रश्न साधुसंतांना पडतो असं त्यानं ऐकलं होतं. आपल्याला तो मुरुडच्या अलीकडं एसटीत पडेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

घरी त्याच्या बायकोनं, केवळाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी देवघराकडे बघितलं. बिल्ल्याची जागा तिथली. बाळकृष्णाच्या डाव्या अंगाला, हिरव्या इरकली काठाच्या फितीवर. मूळची फीत उंदरांनी नेली तेव्हा तिनंच आपल्या लुगड्याचा काठ कापून शिवली होती. दर दसऱ्याला शस्त्रं म्हणून खुरपी, विळे आणि हा बिल्ला यांची पूजा व्हायची. वर्षानुवर्षांच्या हळदी-कुंकवानं राजाचं नाक पार भरून गेलं होतं.

"म्हंजी मी इतकी सालं हळद-कुंकू वाहिलं ते कुणाला?"

"ग्यानबाला," केरबा म्हणाला.

"आवं, त्यांना ठाव हाय का?"

"त्यालाच इचारून येतो."

ग्यानोबा बुद्धवस्तीत राहायचा. दुपारची भाकरी खाऊन तो बाजेवर पडला होता. केरबाचं बोलणं ऐकून उठून बसला आणि पोट धरून हसला. "तरीच. तरीच म्हणलं दसऱ्याला माझं कपाळ का खाजतंय." मग हसू ओसरलं तसा तो भिंतीकडे वळला. तिथं बुद्धाच्या तसबिरीखाली खिळ्याला त्याचा बिल्ला लटकलेला, निळ्या फितीवर. ही फीत त्याच्या बायकोनं, नागूबाईनं शिवलेली. ह्या बिल्ल्याला त्या घरात मोठा मान होता. ज्या चावडीत ग्यानोबाच्या बापाला पायरीखाली उभं राहावं लागायचं, तिथं बिल्ला लावून आलेल्या ग्यानोबाला सव्वीस जानेवारीला खुर्ची मिळाली होती.

"म्हंजी ह्यो तुझा असंल," ग्यानोबा म्हणाला. "अदलाबदल झाली, दुसरं काय. घे, आन् माझा दे. इतकं तोंड पाडायला काय झालं?"

केरबाला हायसं वाटलं. सिंधूनं बिल्ला उजेडात धरला आणि कडेवरून बोट फिरवत वाचायला लागली.

"सी, ओ, ओ, के..."

दोघे म्हातारे मान पुढं करून ऐकत होते.

"कूक," सिंधू म्हणाली. दोघे म्हातारे एकदमच खोकले. "कूक नरसिंग बी. आबा, कूक म्हंजी..."

"कंपनीचं नाव हाय ते," ग्यानोबा घाईनं म्हणाला.

"कंपनीचं नाव म्होरं हाय, काका. पायोनियर कोअर."

"मंग गावाचं असंल," केरबा म्हणाला.

"कसलं गाव?" चुलीपासून नागूबाईनं विचारलं. दोघेही छपराकडे बघायला लागले. सिंधूनं त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. "मी आईला सांगून येते," एवढं म्हणून ती निघून गेली.

आता हे काय गौडबंगाल, ते वाचकांना सांगायलाच हवं. धानोरीतून लढाईवर तिघे गेले होते. केरबा, ग्यानोबा आणि नरसिंग बिरादार. तिघेही पायोनियर कंपनीत. केरबा आणि ग्यानोबा यांनी आसामातून बर्मात जाणाऱ्या रस्त्याची खडी फोडली आणि नरसिंगनं त्या खडी फोडणाऱ्या अडीचशे माणसांचा स्वयंपाक केला. परत येताना मनमाडच्या फलाटावर नरसिंगनं दोघांच्या तळहातावर मीठ ठेवलं आणि शपथ घातली. गावात मी हवालदार. बिरादाराचं पोर लढाईत जाऊन भाकऱ्या थापत होतं, हे गावाला कळता कामा नये. दोघांनी त्याचं मीठ चार वर्षं खाल्लंच होतं, फलाटावर आणखी चिमूटभर खाल्लं. खाल्ल्या मिठाला दोघेही जागले. नरसिंगचा नरसिंगराव हवालदार झाला. पंधरा ऑगस्टला पहिली खुर्ची त्याची. लग्नाच्या मांडवात पहिला फेटा त्याचा.

"मंग माझा बिल्ला त्याच्याकडं," केरबा म्हणाला.

"आन् त्याचा माझ्याकडं. कूक ह्या अक्षरांसकट," ग्यानोबा म्हणाला. "तो काय सुखासुखी घ्यायचा न्हाई."

नरसिंगराव ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. अंगात कोट, कोटावर बिल्ला. फीत मात्र मूळची होती, विटकी लाल, निळी आणि पांढरी. गावात अस्सल फीत असलेला बिल्ला हा एकच, आणि तिचं त्यांना भूषण होतं.

"नरसिंगराव, जरा बिल्ला दावा," केरबा म्हणाला.

"बिल्ला छातीवरून काढत नसतात. मिलिटरीचा कायदा हाय."

"कुठल्या कायद्यात हाय?" ग्यानोबानं विचारलं.

"तुला न्हाई ठाव. हवालदाराच्या वरच्यांना असतो तो."

ग्यानोबानं इकडेतिकडे बघितलं, कोणी नाही याची खात्री केली आणि खाली वाकून म्हणाला, "नरसिंग, तुझा बिल्ला माझ्याकडं हाय. कडेची अक्षरं वाचून आलोत."

नरसिंगरावांच्या तोंडचं पाणीच पळालं. "अक्षरं? हायत?"

"समदी. नंबरापास्नं."

"कशी असतील? म्या तर..." ते थबकले. कोटाचा बिल्ला त्यांनी स्वतःच उपसला आणि कडेवर अंगठा फिरवला. केरबानंही फिरवला. कड साफ गुळगुळीत होती. तिच्यावर एकही अक्षर नव्हतं.

"ह्याच्यावर कायच न्हाई," केरबा म्हणाला. "मंग माझं नाव कुठं गेलं?"

नरसिंगराव बिल्ल्याकडे बघत होते, केरबा नरसिंगरावांकडे आणि ग्यानोबा दोघांकडे. तिघांनाही काही उमगेना. शेवटी नरसिंगराव चपला घालत म्हणाले, "माणिकप्पाकडं चला."

माणिकप्पा सोनार मूळचा निलंग्याकडचा. हात कसबी आणि जीभ त्याहून सैल. तीन बिल्ले समोर मांडल्यावर लेकी माहेरी आल्यासारखा त्याचा चेहरा खुलला.

"अय्यो, ह्यास्नी मीच न्हाऊ घातलं की. बहात्तर सालात."

"आमाला आठवतंय," केरबा म्हणाला. आठवत तर होतंच. बहात्तरच्या दुष्काळात गावाला खडी फोडायचं काम निघालं होतं. केरबा आणि ग्यानोबा पुन्हा हातोडा घेऊन बसले. बर्मात खडी फोडली तेव्हा बिल्ला मिळाला होता, धानोरीत फोडली तेव्हा खायला सुकडी मिळाली. त्या कामावर कोणी मोठे साहेब येणार असं ठरलं आणि ग्रामसेवकानं फर्मावलं, की तिन्ही सैनिकांनी बिल्ले लावून पुढं उभं राहायचं. बिल्ले काळे पडले होते. ते उजळायला माणिकप्पाकडे गेले.

"चांदी न्हाई ही," माणिकप्पा सांगू लागला. "तांबं आन् निकेल. मोडीत कोण इचारत न्हाई. पण ठसा बघा कसा बसलाय. राजाच्या मिशीचा... न्हाई, ह्याला मिशी न्हाई, पण कानाची पाळी बघा. अस्सल काम. म्या फिती सोडल्या, तिन्ही बिल्ले एकाच पातेल्यात रिठ्याच्या पाण्यात उकळले, घासले, आन् फिती लावून परत दिले. हिरवी केरबाला, निळी ग्यानबाला, रंगीत हवालदारांना. फितीत तिळभर चूक न्हाई."

"आन् बिल्ल्यात?" ग्यानोबानं विचारलं.

"बिल्ल्यात काय? तिन्हीवर राजा एकच."

केरबानं डोक्याला हात लावला. फितीवरून बिल्ला ओळखायचा, ही त्या तिघांचीही सवय होती. आपली फीत दिसली की आपला बिल्ला. दहा वर्षं कोणी कड उलटून बघितली नव्हती, आणि बघितली असती तरी वाचणार कोण?

"आन् ही कड?" केरबानं गुळगुळीत बिल्ला पुढं केला.

"ते तर माझं खरं काम." माणिकप्पा ताठ बसला. "बाकीचा बिल्ला ठशात निघतो, पण कडेची अक्षरं नंतर पंच ठोकून मारतेत. धातूत खोल जातेत. हवालदार म्हणले, माझ्या कडेवरची इंग्रजी कीड काढून टाक. रंगीत फीत लावलेल्या बिल्ल्यावर म्या तीन दिस बारीक कानस चालवली. हात फिरवून बघा, कुठं खड्डा लागतोय का?"

कुठंही लागत नव्हता.

केरबा नरसिंगरावांकडे वळला. "माझं नाव पुसलंस तू."

"म्या माझं पुसलं होतं," नरसिंगराव म्हणाले. "तुझं निघालं, त्याला म्या काय करू?"

"आन् तुझं ऱ्हायलं."

"तेच तर," नरसिंगराव म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं. पोष्टमास्तरानं बिल्ल्याची कड वाचून दाखवली त्या दिवसापासून ते अक्षरांना भीत आले होते. दहा वर्षांपूर्वी ती भीती कानशीनं घासून टाकली असं समजून ते सुखानं झोपत होते, आणि अक्षरं मात्र बुद्धवस्तीत खिळ्याला लटकत होती.

मग तिघांनी हिशेब जुळवून पाहिला. केरबाचा बिल्ला सापडला, पण त्यावर केरबा नव्हता. राहिला आप्पासाहेबांचा दुसरा रस्ता. दोन सोबती, आपापल्या नावाच्या बिल्ल्यासकट. त्यातला एक ग्यानोबा. दुसरा सबंध पंचक्रोशीत एकच उरला होता, आणि त्याच्या बिल्ल्यावर कूक असं लिहिलेलं होतं.

ग्यानोबानं निळ्या फितीतून तो बिल्ला सोडवला आणि नरसिंगरावांच्या हातात दिला.

"सरपंच बी येनार का?" नरसिंगरावांनी खालच्या आवाजात विचारलं.

"ओळख पटवायला लागतोय. व्यंकट येनार हाय."

"व्यंकट समोर असताना म्या कसं सांगू, केरबा? उद्या गावभर होईल. लोक ताट वाजवतील मला बघून."

केरबाची नजर जमिनीवरच्या कानशीवर गेली. लेकीचा चेहरा त्याला दिसत होता. त्याला नरसिंगचा राग आला होता, खूप राग आला होता. पण मनमाडच्या फलाटावरचं मीठही विसरता येत नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," तो उठत म्हणाला. "शपथ घेतलीय, तू येऊ नको. ग्यानबाला घेऊन जातो, साहेबाच्या पाया पडून बघतो. न्हाई जमलं तर पोरगी पुढल्या साली बघंल."

पुढल्या साली काही नाही, हे त्या दुकानातल्या चौघांनाही माहीत होतं. पुढल्या साली सिंधूचं लग्न ठरलं असतं.

शनिवारी सकाळच्या एसटीला केरबा, सिंधू, ग्यानोबा आणि सरपंच व्यंकट असे चौघे उभे होते. एसटी सुटता सुटता कोट घातलेले नरसिंगराव धापा टाकत चढले आणि कोणाशी न बोलता पुढच्या बाकावर जाऊन बसले. कोटावर बिल्ला नव्हता.

"हवालदार कुणीकडं?" व्यंकटनं विचारलं.

"दात दाखवायला," नरसिंगराव म्हणाले.

केरबानं ग्यानोबाकडे बघितलं. ग्यानोबानं खांदे उडवले. लातूर येईपर्यंत नरसिंगरावांनी मागं वळून बघितलं नाही. खिशात घातलेला हात मात्र त्यांनी बाहेर काढला नाही.

कार्यालयात एक खुर्ची वाढली होती. आप्पासाहेबांनी आधी केरबानं पुढं केलेला गुळगुळीत बिल्ला बघितला. भिंग फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"काम सुरेख केलंय," ते म्हणाले. "पण हे मेडल आता कोणाचंच नाही."

मग केरबानं हिरव्या फितीचा बिल्ला ग्यानोबाच्या हातात दिला, ग्यानोबानं तो टेबलावर ठेवला, आप्पासाहेबांनी कड वाचली आणि साक्ष लिहून घेतली. ग्यानोबा सोनकांबळे, पायोनियर. अर्जदारास चार वर्षे शेजारी बसून खडी फोडताना पाहिले आहे.

"एक झाला. दुसरा?"

नरसिंगराव दाराशी उभे होते. त्यांचा हात खिशात होता. व्यंकट कोपऱ्यात उभा राहून रंगाचे पोपडे बघत होता.

"दुसरा न्हाई, साहेब," केरबा म्हणाला. "एकावर भागवता आलं तर बघा."

"एकावर भागत नाही. सोमवारी दुपारी यादी लागते ना? मला वाईट वाटतंय, पण..."

सिंधूनं अर्जाचा कागद घडी करून पिशवीत ठेवला. बापाला बरं वाटावं म्हणून ती थोडी हसली. तेवढं ते हसू बघून नरसिंगराव पुढं आले आणि खिशातला बिल्ला त्यांनी टेबलावर आपटलाच.

"लिव्हा. नरसिंग बिरादार."

"हुद्दा?"

नरसिंगरावांनी एकदा व्यंकटकडे बघितलं. मग भिंतीकडे.

"कूक," ते म्हणाले. आणि कागदावर तरी चूक नको म्हणून पुन्हा म्हणाले, "स्वयंपाकी."

आप्पासाहेबांनी भिंगातून कड वाचली, मान हलवली आणि लिहीत राहिले. त्यांना त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नव्हतं. "अर्जदाराला कसं ओळखता?"

"चार वर्सं ताटात वाढलंय ह्याच्या. ह्यो पातेल्याच्या बुडाची करपलेली खरवड मागून खातो. समदी कंपनी वरचा भात मागायची, ह्यो एकटा खरवड. दुसरा कुणी केरबा म्हणून आला तर त्याला खरवड घालून बघा. हाच हाय ह्यो."

केरबाच्या डोळ्यांना धारा लागल्या. आप्पासाहेबांनी लिहिलं, "अर्जदाराच्या सवयींची खात्रीलायक माहिती आहे." मग सरपंचानं सही केली, शिक्का उठला, मधल्या पांढऱ्या पट्ट्यात आप्पासाहेबांनी पेनानं 'लातूर' लिहिलं आणि दाखला सिंधूच्या हातात दिला. सिंधूनं आधी नरसिंगरावांच्या पायाला हात लावला, मग बापाच्या.

बाहेर आल्यावर नरसिंगरावांनी व्यंकटचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं. बाकीचे दोन पावलांवर होते, म्हणून ऐकू सगळ्यांनाच आलं.

"व्यंकट, आत ऐकलंस ते गावात काढू नको. हात जोडतो."

"काय काढू नको?"

"तेच. स्वयंपाक्याचं."

व्यंकट गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. "हवालदार, ते काय काढायचंय त्यात? गावाला ठाव हाय की."

नरसिंगरावांनी गर्रकन केरबा आणि ग्यानोबाकडे बघितलं. दोघांनी एकदम आपल्या गळ्याला चिमूट धरली. "आमी न्हाई. मिठाशपथ न्हाई."

"त्यांनी कशाला सांगाया लागतंय?" व्यंकट म्हणाला. "गावात कुणाचं बी लग्न असू द्या, तुमी मांडवात पाच मिंट टिकत न्हाई. चुलाणावर जाऊन हुबारता. आचाऱ्याला शिव्या घालता. माझ्या लग्नात तीनशे पानांच्या आमटीला मीठ तुमीच टाकलं, मुठीच्या अंदाजानं, न बघता. बहात्तरला कामावरची सुकडी तुमी ढवळल्याबिगर कधी शिजली न्हाई. बंदूक चालवनाऱ्या माणसाला असलं येतंय होय?"

नरसिंगराव भिंतीला टेकले. "मंग मला हवालदार का म्हणता समदे?"

"तुमी म्हणा म्हणलात म्हणून," व्यंकट म्हणाला.

नरसिंगराव सिंधूकडे वळले. "तुला बी ठाव होतं?"

"शाळेत असल्यापास्नं, काका," सिंधू म्हणाली. "परवा फक्त स्पेलिंग कळलं."

परतीच्या एसटीत नरसिंगराव खिडकीशी बसले आणि कोणाशीही बोलेनात. छत्तीस वर्षं सांभाळलेलं गुपित नुसतं फुटलं असतं तर माणसानं सोसलं असतं. ते कधी गुपितच नव्हतं, हे कसं सोसायचं, हे त्यांना कळत नव्हतं. मुरुडच्या पुढं केरबानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला. ग्यानोबानं तंबाखू पुढं केली, ती घेतली नाही. कंडक्टरनं "हवालदार, तिकीट" म्हटलं तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो बिचारा तिकीट देऊन पुढं सरकला.

धानोरीचा फाटा जवळ आला तसा व्यंकट मागच्या बाकावरून पुढं वाकला. "हवालदार, एक इचारायचं होतं. तुळशीचं लग्न झालं की पुतणीचं लग्न काढलंय. पाचशे पान हाय. आचारी लातूरचा बोलावलाय, पण आईला त्याचा भरवसा न्हाई."

नरसिंगराव बाहेर बघत राहिले. एसटी ओढ्यात उतरली, ओढ्यातून वर आली. कंडक्टरनं घंटी ओढली, केरबा आणि ग्यानोबा पिशव्या घेऊन उठले, सिंधू दाखल्याची घडी सांभाळत दाराशी गेली. नरसिंगराव मात्र जागचे हलले नाहीत.

"नरसिंग, गाव आलं," ग्यानोबा म्हणाला.

"दिसतंय मला," नरसिंगराव म्हणाले, आणि उठता उठता व्यंकटकडे न बघताच त्यांनी विचारलं, "डाळ नवी हाय का जुनी?"